द्राक्षमळ्यातलं समीकरण
फ्रान्सच्या बोर्दो भागातली रेड वाइन मुरायला वर्षानुवर्षं लागतात, पण व्यापाऱ्याला पैसे आधीच गुंतवावे लागतात. प्रिन्स्टन विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ ऑर्ली अ‍ॅशेनफेल्टर यांनी लिलावातल्या जुन्या किमती हवामानाच्या नोंदींशेजारी मांडल्या आणि रिग्रेशन केलं, म्हणजे हवामानावरून किंमत सांगणारं समीकरण बसवलं. हिवाळ्यातला पाऊस आणि वाढीच्या हंगामातली ऊब किंमत चढवते. ऐन तोडणीतला पाऊस ती पाडतो. बाकी सगळं तसंच ठेवून एक घटक थोडा बदलला तर किंमत किती हलेल, याचा प्रत्येकी एक आकडा मिळाला. रिग्रेशन शिकणाऱ्याने हे ‘बाकी तसंच ठेवून’ आधी पक्कं समजून घ्यावं, सॉफ्टवेअर नंतर.

नामवंत वाइन-समीक्षक रॉबर्ट पार्कर यांना ही पद्धत मुळीच पटली नाही. मला ती आवडते, कारण वाइनची किंमत पाऊस पाडू शकत नाही; कार्यकारणाची दिशा स्वच्छ आहे. एखाद्या दुकानाच्या जाहिरात आणि विक्रीच्या हिशेबात ती तशी नसते. दिवाळीत जाहिरातही वाढते, विक्रीही. सण हा घटक समीकरणात घेतला नाही, तर सणाचं बरंचसं श्रेय जाहिरातीला जातं आणि उन्हाळ्यात तोच खर्च वाया जातो. म्हणून अंदाज आणि प्रत्यक्ष विक्री यांतला फरक महिन्यांच्या क्रमाने आलेखावर मांडावा. दर ऑक्टोबर-नोव्हेंबरला तो एकाच बाजूला झुकत असेल, तर काहीतरी मोजायचं राहिलं आहे.