कुलूप नसलेलं दार

घराच्या मागच्या दाराला कुलूप नाही आणि वर्षभरात चोरीही झालेली नाही. मग ते दार सुरक्षित म्हणायचं का? हिशेब तपासणारे म्हणतात, नाही. व्यवस्थेतला दोष किती गंभीर, हे ठरवताना ते ‘किती गेलं’ एवढंच पाहत नाहीत. ‘किती जाऊ शकलं असतं’ हेही विचारतात.

रोकड एकाने सांभाळायची, नोंद दुसऱ्याने करायची, मंजुरी तिसऱ्याने द्यायची, या व्यवस्थेला अंतर्गत नियंत्रण म्हणतात. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. मला हे कळलं ते एका वाचनालयाच्या कार्यकारिणीत असताना. ऑडिटरांनी दोन दोष दाखवले. चहापाण्याच्या काही व्हाउचरांवर सह्या नव्हत्या. आणि वर्गणीची पावतीपुस्तकं, रोकड, रोजकीर्द असं सगळं एकाच कारकुनाकडे होतं. एक रुपयाही कमी नव्हता. तरी त्यांनी दुसरा दोष भारी ठरवला. म्हणाले, “आज माणूस चांगला आहे. उद्या माणूस बदलेल, खुर्ची तीच राहील.”

त्यांच्या कसोट्या दोन. चूक किंवा अफरातफर होण्याची शक्यता किती? आणि झाली तर रक्कम किती मोठी? मग ते पाहतात, ती वेळेत पकडणारा दुसरा कुणी आहे का? खजिनदार दरमहा पावत्यांच्या स्थळप्रती बँकेच्या पासबुकाशी ताडून पाहत असेल, तर दोषाची धार कमी होते. उलट, एकाच खात्यातले चार बारीक दोष मिळून मोठं भगदाड पडू शकतं. ताळेबंदच खोटा ठरेल एवढी चूक निसटण्याची रास्त शक्यता असेल, तर तो दोष सर्वांत वरच्या पायरीचा.

हेच मोठ्या जागी कसं दिसतं पाहा. फेब्रुवारी २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेने मुंबईतल्या शाखेतला सुमारे ११,४०० कोटी रुपयांचा घोटाळा जाहीर केला. आकडा पुढे १३,००० कोटींवर गेला. परदेशातल्या बँक-शाखांना हमीचे संदेश ‘स्विफ्ट’ यंत्रणेवरून जात, पण बँकेच्या मुख्य संगणकप्रणालीत त्यांची नोंद आपोआप होत नव्हती. ऑगस्ट २०१६ पासून आपण बँकांना या धोक्याबद्दल किमान तीनदा सावध केलं होतं, असं रिझर्व्ह बँकेने नंतर सांगितलं. म्हणजे दार आधीही तेवढंच उघडं होतं. नुकसान तेवढं दिसत नव्हतं.

आपल्यापैकी अनेकजण पतसंस्थेचे, गृहनिर्माण संस्थेचे सभासद असतात. वार्षिक सभेत लेखापरीक्षण अहवाल आणि दोष दुरुस्ती अहवाल येतो, तेव्हा चहा येईपर्यंत थांबू नका. ‘पैसे गेले का?’ हे विचाराच. पण त्यापुढे आणखी एक विचारा: ‘गेले असते, तर कुणाच्या लक्षात आलं असतं?’