सूक्ष्मजंतूंमधील संवेदन व प्रतिसाद

एकच कोशिका हे ज्याचे सर्व शरीर आहे, अशा सूक्ष्मजंतूला तंत्रिका तंत्र नसते व ज्ञानेंद्रियेही नसतात. तरीही भोवतालची पोषक द्रव्ये, विषारी पदार्थ, ऑक्सिजन, तापमान व अम्लता यांतील बदल त्याला कळतात आणि त्यांनुसार तो आपली हालचाल किंवा आपल्या जनुकांचे (आनुवंशिकतेच्या एककांचे) कार्य बदलतो. हे काम मुख्यत्वे कोशिकेच्या पटलात व तिच्या आतील द्रवात असणारी विशिष्ट प्रथिने करतात.

व्हिल्हेल्म फेफर या जर्मन वनस्पतिवैज्ञानिकांनी १८८० नंतरच्या दशकात दाखविले की, पोषक द्रव्याने भरलेल्या केशनलिकेचे तोंड जंतुयुक्त पाण्यात बुडविल्यास जंतू नलिकेकडे जमतात. रासायनिक पदार्थाच्या अनुरोधाने होणाऱ्या अशा हालचालीस रासायनिक अनुचलन म्हणतात. जंतू अन्नाकडे जातात ते अन्नापासून मिळालेल्या ऊर्जेमुळे, की ते अन्न खरोखर ‘ओळखतात’, हा प्रश्न मात्र दीर्घकाळ अनिर्णित राहिला. त्याचा निर्णय विस्कॉन्सिन विद्यापीठातील ज्युलियस ॲड्लर यांच्या १९६९ मधील प्रयोगांनी लागला. गॅलॅक्टोज या शर्करेचा उपयोग करण्याची क्षमता गमावलेले एश्चेरिकिया कोलाय (मानवाच्या आतड्यात राहणारा जंतू) याचे उत्परिवर्तित प्रकारही गॅलॅक्टोजकडे ओढले जात. उलट जे पदार्थ जंतू सहज पचवितात त्यांपैकी काहींचे त्यांना मुळीच आकर्षण नव्हते. अर्थात, आकर्षण पचनावर अवलंबून नसून ते पदार्थ ओळखणाऱ्या ग्राही प्रथिनांवर अवलंबून असते.

एश्चेरिकिया कोलाय जेमतेम २ मायक्रोमीटर लांब असतो. एवढ्या अंतरात द्रव्याच्या संहतीत पडणारा फरक इतका अल्प असतो की, शरीराच्या दोन टोकांची तुलना करून दिशा ठरविणे त्याला जवळजवळ अशक्य आहे. तो तुलना करतो ती दोन स्थळांची नव्हे, तर दोन क्षणांची. रॉबर्ट मॅक्नॅब व डॅन्यल कॉशलंड यांनी १९७२ मध्ये साल्मोनेला जंतू सेरीन या ॲमिनो अम्लाच्या अधिक संहतीच्या विद्रावात एकाएकी मिसळले. विद्राव सर्वत्र सारखाच असूनही जंतू काही काळ सरळ पोहत राहिले. ‘आता आधीपेक्षा बरे आहे’ एवढेच त्यांना कळले होते. स्मरण हा शब्द येथे केवळ अलंकारिक नाही. या स्मरणाची रासायनिक खूण दाखविता येते.

जंतूच्या कशाभिका (चाबकासारखी चलनांगे) मुळाशी असलेल्या यंत्रणेमुळे चक्राकार फिरतात. बाहेरून पाहिल्यास त्या घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने फिरत असताना त्यांची एक जुडी बनते व जंतू सरळ पोहतो. दिशा उलटली की जुडी विसकटते, जंतू कोलांट्या खातो व पुढची वाटचाल कोणत्याही नव्या दिशेने करतो. सामान्यतः सुमारे एक सेकंद पोहणे व सुमारे एकदशांश सेकंद कोलांटी असा क्रम चालतो. जंतू सुकाणू धरीत नाही. परिस्थिती सुधारत असेल, तर तो कोलांटी लांबवितो, इतकेच. तेवढ्याने तो अन्नापाशी पोहोचतो.

ग्राही प्रथिने हजारोंच्या संख्येने बहुधा कोशिकेच्या टोकाशी दाटीने असतात. त्यांना जोडलेले चे-ए हे एंझाइम स्वतःवर फॉस्फेट गट चढवून घेते व तो चे-वाय या लहान प्रथिनाला देते. फॉस्फेटयुक्त चे-वाय कशाभिकेच्या मुळाशी जाऊन बसले की कोलांटीची शक्यता वाढते. चे-झेड हे प्रथिन तो गट काढून टाकते. आकर्षक द्रव्य ग्राहीला चिकटले की चे-ए मंदावते व कोलांट्या कमी होतात. दरम्यान चे-आर हे एंझाइम ग्राहीवर मिथिल गट चढवीत असते व चे-बी ते उतरवीत असते. चे-बी क्रियाशील होण्यास चे-एकडूनच फॉस्फेट लागत असल्याने चे-ए मंदावताच मिथिल गट साचतात आणि चे-ए पूर्वपदावर येते. ही क्रिया संथ असल्यामुळे मिथिल गटांची संख्या ही काही सेकंदांपूर्वीच्या परिस्थितीची नोंदच ठरते.

संवेदक एंझाइमाने प्रतिसादी प्रथिनास फॉस्फेट द्यावयाचा, या योजनेस द्विघटकी तंत्र म्हणतात. एश्चेरिकिया कोलायमध्ये अशी सुमारे ३० तंत्रे असून बहुतेकांतील प्रतिसादी प्रथिन थेट जनुकांवर कार्य करते. क्षयाच्या जंतूतील डेव्ह-एस व डेव्ह-आर ही जोडी विशेष महत्त्वाची आहे. तिच्या जनुकांचे मूळ संशोधन नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत झाले. ऑक्सिजन कमी पडला की ही जोडी सुमारे ५० जनुके कार्यान्वित करते व जंतू सुप्तावस्थेत जाण्याची तयारी करतो. सुप्त जंतूंवर अनेक औषधे नीट चालत नाहीत. क्षयाचे उपचार महिनोन्‌महिने चालवावे लागतात, याचे हे एक कारण होय. प्राण्यांच्या कोशिकांत द्विघटकी तंत्रे आढळत नसल्यामुळे रोग्यास अपाय न करता त्यांवर आघात करणारी औषधे शोधण्याचे प्रयत्न चालू आहेत.