भिंतीवर न लागलेला कागद

अर्धापूरची केळी आणि सिनेमाचं पोस्टर, दोन्ही माल नाशवंत. घड उतरला की भाव दिवसागणिक घसरतो. पोस्टरचं आयुष्यही या शुक्रवारपासून पुढच्या शुक्रवारपर्यंतचं. सिनेमा बदलला की त्याच भिंतीवर, त्याच खळीने नवा कागद चढायचा. आणि असल्याच एका कागदाला २००५ साली ६ लाख ९० हजार डॉलर मोजले गेले! ‘मेट्रोपोलिस’ या १९२७ च्या जर्मन मूकपटाचं ते पोस्टर. जगभरात त्याच्या चारच प्रती उरल्याचं मानलं जातं.

पोस्टरचा भाव ठरतो तो छापली किती यापेक्षा उरली किती यावर. जे भिंतीवर लागलं ते उन्हापावसात गेलं. वाचलं ते न लागलेलं: थिएटरच्या माळ्यावर पडून राहिलेलं, वितरकाच्या गोदामात विसरलेलं, रद्दीवाल्याच्या तराजूतून निसटलेलं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात तर खळीने एकावर एक चिकटलेला जाडजूड गठ्ठाच सापडला. तो अलगद सोडवल्यावर आतून १९३०-३१ सालची ३३ पोस्टरं निघाली आणि २०१२ च्या लिलावात त्यांचे मिळून पाच लाख डॉलरच्या वर आले.

आपल्याकडे या गोष्टीची सुरुवात कोल्हापुरात होते. बाबूराव पेंटरांच्या ‘कल्याण खजिना’चं १९२४ चं पोस्टर हे भारतातलं शिल्लक असलेलं सर्वांत जुनं सचित्र पोस्टर मानलं जातं. मूकपटांच्या काळातल्या बहुतेक फिल्म केव्हाच नष्ट झाल्या. १९३१ च्या ‘आलम आरा’ची, आपल्या पहिल्या बोलपटाची, एकही प्रत नाही. अशा सिनेमांचा चेहरा आज दिसतो तो छापील कागदावरच, आणि मला या छंदाचं खरं मोल तिथे वाटतं. चित्रकाराचं नावही भाव वाढवतं. दिवाकर करकरे यांनी ‘दीवार’साठी रंगवलेला अमिताभ पाहा, रंगांचे ते जाड, रागीट फटकारे आजही अंगावर येतात.

जुनं पोस्टर हाती आलं तर आधी भिंग काढा. दगडी छपाईच्या पोस्टरवर खडूसारखा रवाळ पोत दिसतो. पुढे ऑफसेट आलं. त्यात चित्र बारीक ठिपक्यांचं असतं, पण अस्सल छपाईत नावाची अक्षरं बहुधा सलग शाईची आणि रेखीव कडांची असतात. फोटो काढून पुन्हा छापलेल्या नकलेत अक्षरंसुद्धा ठिपक्यांत फुटतात, आणि चित्रात ठिपक्यांवर ठिपके चढून विचित्र जाळी उमटते. पुढचा प्रश्न, पोस्टर पहिल्या प्रदर्शनाच्या वेळचं की सिनेमा पुन्हा लागला तेव्हाचं? चित्र तेच असलं तरी भावात मोठा फरक पडतो.

मग यात पैसा गुंतवावा का? ‘द ममी’ (१९३२) या भयपटाच्या पोस्टरला १९९७ मध्ये साडेचार लाख डॉलरच्या वर किंमत आली होती. २०१८ मध्ये त्याची एक प्रत लिलावात आली, अपेक्षा दहा लाख डॉलरची. एकही बोली लागली नाही. सोनं सराफाकडे नेलं की त्या दिवसाचा दर मिळतो. पोस्टरला मात्र ते हवं असणारा माणूस भेटावा लागतो. व्याज नाही, भाडं नाही. एवढ्या दुर्मीळ कागदाची ही गत, तर साध्या पोस्टरची काय कथा! ज्या सिनेमावर जीव आहे त्याचंच घ्यावं, निवृत्तीची पुंजी यात घालू नये.

मराठवाडा हिंदी सिनेमाच्या धंद्यात आजही ‘निझाम’ टेरिटरीत मोजला जातो. संस्थान १९४८ मध्ये गेलं, वितरकांच्या वहीतलं नाव राहिलं. तसेच नांदेड-लातूरकडच्या बंद पडलेल्या थिएटरांच्या माळ्यांवर, टूरिंग टॉकीजवाल्यांच्या घरच्या पेट्यांत कागदही राहिले असतील. आपल्या घरी तसा गठ्ठा असेल तर त्याला लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका, फाटक्या कडा कापू नका. कोरड्या जागी सपाट ठेवा. आणि किलोच्या भावाने विकण्याआधी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला एकदा विचारा. १९६४ पासून ही संस्था फिल्मबरोबर पोस्टरंही जपते आहे.