परभणीचा फेरफटका : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुंबई-पुण्याकडील एखाद्या स्नेह्यास ‘चार दिवस परभणीस या’ असे आग्रहाने कळविले, की येणाऱ्या उत्तरात एक प्रश्न हटकून असतो : तेथे पाहण्यासारखे आहे तरी काय? ज्यांनी खाद्यपदार्थ, कलाकृती, बाजारहाट आणि रात्रीची वर्दळ यांच्यासाठी हैदराबाद पाहिले, क्वचित बँकॉक आणि सिंगापूरही पाहिले, त्यांना मराठवाड्यातील या जिल्ह्याच्या ठिकाणी यांपैकी एकही गोष्ट असेल हे खरे वाटत नाही. त्यांच्या या समजुतीत द्वेष नाही, पण हिशेबाची एक चूक मात्र आहे. मोठ्या शहरातील रंजनाची दुकाने बारा महिने तेरा काळ उघडी असतात. परभणीत पुष्कळशा गोष्टी ऋतू पाहून, वार पाहून आणि तारीख पाहून उघडतात. वैशाखातल्या दुपारी उतरून संध्याकाळच्या गाडीने परतणाऱ्या पाहुण्याला त्या दिसणार कशा?

पहिला गैरसमज शहराच्या नावाशीच निगडित आहे. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण बाहेरचा मनुष्य हेटाळणीने उच्चारतो, जणू परभणी म्हणजे हरलेल्यांचे गाव. परंतु म्हणीचा शब्दार्थ शांतपणे पाहिला, तर अन्यत्र ज्याचे काही जमले नाही त्याचेही येथे जमते, येथे पोटास कमी पडत नाही, असाच अर्थ निघतो, आणि गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या काळ्या कसदार जमिनीवर वसलेल्या मुलखाविषयी तो यथार्थ आहे. हेटाळणी ऐकणाऱ्याने मनात भरली. म्हणीत ती नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा गैरसमज केवळ नकाशाचा आहे, पण त्यापायी प्रवाशाचा एक दिवस वाया जाऊ शकतो. औंढा नागनाथ परभणी जिल्ह्यात आहे, असे जुन्या पुस्तकांतून वाचून लोक परभणीत येऊन चौकशी करतात. हे देवस्थान 1 मे 1999 रोजी वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात आहे. तसाच परतूर तालुका 1981 मध्ये नव्या जालना जिल्ह्याकडे गेला. निजामी अमदानीत अव्वल तालुकदाराच्या दफ्तरी जो परभणी जिल्हा होता, त्याहून आजचा जिल्हा बराच लहान आहे. त्यात परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पूर्णा आणि पालम हे 9 तालुके उरले आहेत.

आता खाद्याकडे वळू. येथे मात्र मला थोडे रेंगाळावयाचे आहे. ज्वारी हे गरिबाचे, नाइलाजाचे अन्न होय, ही समजूत शहरी मनात इतकी खोल रुजली आहे, की परभणीस आलेला पाहुणाही उपाहारगृहात बसून मैद्याची रोटी मागवितो. वस्तुतः 18 मे 1972 रोजी स्थापन झालेल्या येथील कृषी विद्यापीठाने, ज्यास आता वसंतराव नाईक यांचे नाव आहे, ज्वारीच्या वाणांवर दीर्घकाळ संशोधन केले आहे. टपोऱ्या, मोत्यासारख्या चमकदार दाण्यामुळे ‘परभणी मोती’ हे नाव मिळालेला रब्बीचा वाण त्याच संशोधनाचे फळ होय. आणि 2018 साली इक्रिसॅट या संस्थेच्या सहकार्याने प्रसृत झालेल्या ‘परभणी शक्ती’ या वाणात लोह व जस्त यांचे प्रमाण हेतुपुरस्सर वाढविलेले आहे. एवढेच नव्हे, तर पिवळ्या शिरांच्या विषाणुजन्य रोगास दाद न देणारी ‘परभणी क्रांती’ ही भेंडी येथूनच देशभर गेली. ज्यांनी परभणी कधी पाहिली नाही, त्यांच्याही ताटात ती येऊन गेली असेल.

ज्वारीचेच सर्वांत कोवळे आणि सर्वांत अल्पायुषी रूप म्हणजे हुरडा. कोणत्याही ज्वारीचे कणीस भाजले की हुरडा झाला, हा आणखी एक भ्रम. हुरड्यासाठी गूळभेंडी, कुची, सुरती असे मऊ, गोडसर दाण्याचे निराळे वाण राखलेले असतात, आणि विद्यापीठाने ‘परभणी वसंत’ हा वाण खास हुरड्यासाठीच दिला आहे. दाण्यात भरलेले दूध घट्ट होऊ लागले आहे परंतु दाणा अद्याप टणक झालेला नाही, असे मोजके दिवसच त्यास मिळतात. बांधाजवळ हातभर आगटी खणून तीत गोवऱ्या पेटवितात, ज्वाळा बसून नुसता आर उरला की नुकतीच खुडलेली कणसे त्या धगीत खुपसतात, आणि दाणे तडतडू लागताच एखादी सवयीची आजी ते चटका देणारे कणीस उचलून दोन्ही तळव्यांत अशा काही लयीत चोळते, की तिने एक फुंकर घालताच कोंडा उडून जातो आणि हिरवा, वाफाळता दाणा तेवढा तळहातावर उरतो. त्यासोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि घट्ट दही. हा पदार्थ कोणत्याही उपाहारगृहात मागवून मिळत नाही, त्यासाठी कोणाच्या तरी शेतावर जावे लागते. आणि शेतावर या, हे निमंत्रण परभणीचा मनुष्य ओळख होताच देतो. दुसऱ्या बाजूस जुन्या शहरातील मुसलमान घरांतून सकाळी खिचडीबरोबर चिंच-तिळाचा खट्टा वाढला जातो. शतकानुशतके हैदराबादशी जडलेले नाते त्या एका वाटीत चाखावयास मिळते.

कलेविषयीचा गैरसमज अधिक गंभीर आहे, कारण तो सुशिक्षितांचा आहे. दगडी, चुन्याशिवाय रचलेले प्रत्येक देऊळ हेमाडपंताने बांधले, असे आपण शाळेपासून ऐकतो. हेमाद्री हा महादेव व रामचंद्र या यादव राजांचा श्रीकरणाधिप. त्याचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. अंबरनाथच्या शिवालयातील शिलालेख मात्र 1060 सालचा आहे, म्हणजे हेमाद्रीच्या दोनशे वर्षे आधीही महाराष्ट्रात हे शिल्पशास्त्र पूर्ण बहरास आलेले होते. खाचा आणि कुसू यांनी दगडात दगड अडकविण्याची ही रीत कोणा एका मंत्र्याची नव्हे; कित्येक पिढ्यांच्या अनामिक पाथरवटांची ती मिरास आहे. ती पाहावयाची तर जिंतूर तालुक्यातील चारठाण्यास जावे : तेथील मंदिरे, पायऱ्यापायऱ्यांनी पाण्याकडे उतरणारी बारव आणि एकाकी उभा असलेला उंच कोरीव स्तंभ ही त्रयी पाहण्यास अर्धा दिवस अपुरा पडतो. गंगाखेड तालुक्यात गोदाकाठी धारासूरचे गुप्तेश्वर मंदिर आहे. त्याच्या बाह्यभिंतीवर सुरसुंदरींच्या रांगा आहेत आणि वर विटांचे शिखर आहे. या पद्धतीच्या देवळांची शिखरे बहुधा ढासळलेली असतात, म्हणून ते विशेष. ही वास्तू कोणत्याही राजधानीतील संग्रहालयाच्या तोडीची आहे, असे मी विचारपूर्वक लिहितो.

वाङ्मयाच्या बाबतीत फार सांगण्याची गरज नसावी. अवघे 40 वर्षांचे आयुष्य लाभलेले कवी-कादंबरीकार बी. रघुनाथ परभणीचे, 2016 चा साहित्य अकादमी पुरस्कार ज्यांच्या ‘आलोक’ या कथासंग्रहास मिळाला ते आसाराम लोमटे परभणीचे, आणि 1995 चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन नारायण सुर्वे यांच्या अध्यक्षतेखाली येथेच भरले. संत जनाबाईंचे जन्मस्थान असलेले गंगाखेड याच जिल्ह्यात आहे, हे पंढरपूरच्या वाटेवर तिचे नाव घेणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसते.

बाजारहाटाविषयी लोकांची तक्रार अशी, की परभणीची म्हणून काही ‘खास वस्तू’ नाही. हा शेतमालाचा मुलूख आहे. मानवत आणि सेलू येथे कापसाच्या गाड्यांच्या रांगा पाहिल्या की येथील खरी खरेदी-विक्री कशाची हे कळते. प्रवाशाने गुजरी बाजारात आणि कच्छी बाजारात पायी हिंडावे, भाव विचारावा, आणि घरी नेण्यास पाच शेर चांगली ज्वारी बांधून घ्यावी. शोभेच्या वस्तूपेक्षा ती अधिक दिवस आठवण देईल.

राहिली रात्र. दहा वाजता शहर निजते, हे सर्वसाधारण दिवसांपुरते खरे आहे. परंतु हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो, तेव्हा हेच शहर उत्तररात्रीपर्यंत जागे असते. उरूस म्हटला की तो चांद्र पंचांगाप्रमाणे दरवर्षी मागे सरकणार, अशी सार्वत्रिक समजूत आहे; परभणीचा उरूस मात्र दरवर्षी फेब्रुवारीच्या आरंभीच असतो, म्हणून त्याची तारीख चुकण्यास सबब नाही. तो केवळ मुसलमानांचा, ही समजूतही तितकीच चुकीची. संदलच्या मिरवणुकीत, चादरीच्या रांगेत आणि पुढे आकाशपाळण्यांच्या, मिठाईच्या, बांगड्यांच्या दुकानांच्या गर्दीत कुंकू लावलेल्या बायका आणि बुरखा घातलेल्या बायका एकाच ताटलीतून खाजा घेताना मी पाहिल्या आहेत, आणि त्यात कोणालाही काही विशेष वाटत नाही. कव्वालीचा आवाज दूरवर ऐकू येत असतो, लहान मुले बापाच्या खांद्यावरच झोपी गेलेली असतात, आणि शेवटची टांगेवजा रिक्षा खेड्याकडे निघते तेव्हा पहाट जवळ आलेली असते.

मराठवाडा म्हणजे बारमाही उन्हाळा, हाही एक समज येथेच निकालात काढतो. कडक हिवाळ्यात परभणीचा पारा 5 अंशांच्याही खाली उतरतो, आणि तेव्हा या शहराचे नाव राज्यातील सर्वांत थंड गावांच्या बातमीत येते.

तेव्हा ज्यांना खरोखर यावयाचे असेल त्यांनी जानेवारीच्या अखेरीस यावे. त्या दिवसांत हुरड्याचा शेवट आणि उरुसाचा आरंभ दोन्ही सापडतात. मुंबईहून रात्री निघालेली देवगिरी एक्सप्रेस सकाळी परभणीस पोचते. सोबत एक जाड घोंगडी अवश्य असू द्यावी.