प्रकाशतलवार घरी बनवताना: भीती कुठे हवी, कुठे नको

‘स्टार वॉर्स’ पाहिल्यावर प्रकाशतलवारीचा मोह खूप जणांना होतो. ती विकत न घेता स्वतः बनवावी असे ज्याला वाटते, त्याच्यासाठी बेंगळुरूतले येलहंका ही फार सोयीची जागा आहे. धातूकाम या गावाला नवे नाही; रेल्वेची चाके आणि आस घडवणारा कारखाना इथे १९८४ पासून आहे. लेथवर हवा तो तुकडा कातून देणारी वर्कशॉप पीण्या या औद्योगिक भागात आहेत. इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांसाठी बसने मॅजेस्टिक आणि तिथून मेट्रोने चिक्कपेट गाठले की एस. पी. रोड जवळच आहे.

तरीही हा छंद अनेकदा सुरू होण्याआधीच थांबतो, तो चुकीच्या भीतीमुळे. आणि सुरू झालाच तर बिघडतो, तो चुकीच्या निर्धास्तपणामुळे. जिथे धोका नाही तिथे घरचे घाबरतात आणि जिथे खरा धोका आहे तिकडे कुणाचे लक्ष नसते. म्हणून एकेक गैरसमज घेऊन त्यामागची वस्तुस्थिती पाहू.

गैरसमज: पाते लेझरचे असते, डोळे जातील, हात भाजेल.

वस्तुस्थिती: प्रकाश एकदा निघाला की वाटेत काही आडवे येईपर्यंत सरळ जात राहतो. तीन फुटांवर पोहोचून तो आपोआप थांबत नाही, त्यामुळे निव्वळ प्रकाशाचे पाते बनवताच येत नाही. छांदिष्टांच्या तलवारीचे पाते म्हणजे प्लास्टिकची नळी आणि तिला उजळणारे एलईडी. ती हातात धरली तरी भाजत नाही. फक्त नळी काढलेली असताना मुठीतल्या शक्तिशाली एलईडीकडे जवळून टक लावून पाहू नये.

चित्रपटातही लेझर नव्हता. १९७७ च्या पहिल्या चित्रपटासाठी काठीवर प्रकाश परतवणारे चकचकीत आवरण लावून ती मोटरने फिरवली होती. पडद्यावर दिसणारी झळाळी नंतर चित्रचौकटींवर काम करून भरली गेली. चित्रीकरणाच्या वेळी खरोखर उजळणारी एलईडीची पाती २०१५ च्या ‘द फोर्स अवेकन्स’पासून वापरात आली.

लेझरला मात्र या छंदात थारा देऊ नका, आणि येलहंक्यात तर मुळीच नको. हवाई दलाचा तळ गावातच, जक्कूरचा प्रशिक्षण विमानतळ शेजारी आणि उत्तरेला देवनहळ्ळीचा मोठा विमानतळ. उतरणाऱ्या विमानाच्या वैमानिकाचे डोळे हिरव्या लेझरने दिपले तर शेकडो जीव धोक्यात येतात. विमानाकडे लेझर रोखणे हा कायद्यानेही गुन्हा आहे.

गैरसमज: इंजिनिअर असल्याशिवाय हे जमणार नाही.

वस्तुस्थिती: चित्रपटाचा नायक ल्यूक स्कायवॉकर याच्या तलवारीची पहिली मूठ कोणत्याही प्रयोगशाळेत घडली नाही. सेट सजवणाऱ्या रॉजर ख्रिश्चन यांना लंडनमधल्या छायाचित्रणाच्या दुकानात ग्राफ्लेक्स कंपनीच्या जुन्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशची नळी सापडली. तिला त्यांनी रबराच्या पट्ट्या आणि कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची भिंगांची पट्टी लावली. जगातली सर्वांत प्रसिद्ध प्रकाशतलवार अशी जुन्या सामानातून उभी राहिली.

विजेचे कामही सुरुवातीला तेवढेच साधे ठेवता येते. मुठीत एक शक्तिशाली एलईडी, एक रेझिस्टर, एक स्विच आणि एक लिथियम सेल. एवढ्यात पाते उजळते. गणित शाळेतल्या ओहमच्या नियमाचे आहे. पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ व्होल्ट देतो. लाल एलईडीला साधारण २.४ व्होल्ट लागतात. उरलेले १.८ व्होल्ट रेझिस्टरने पेलायचे. एक अँपिअर प्रवाह हवा असेल तर १.८ ओहम हे उत्तर येते. बाजारात २ ओहमचा रेझिस्टर घ्यावा. मात्र तो पाव वॅटचा नको. त्यात दीड वॅटहून जास्त उष्णता तयार होते, म्हणून ५ वॅटचा घ्यावा. निळ्या एलईडीला सव्वातीन व्होल्टच्या आसपास लागतात, त्यामुळे रंग बदलला की हिशेब पुन्हा करावा लागतो.

गैरसमज: सगळे सामान परदेशातून मागवावे लागते.

वस्तुस्थिती: एलईडी, वायर, स्विच, हीट श्रिंक नळ्या आणि मल्टिमीटर एस. पी. रोडवर मिळतात. पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या वाचकांनी हेच अनुक्रमे तपकीर गल्लीत आणि लॅमिंग्टन रोडवर शोधावे. मुठीसाठी वॉश बेसिनखालचा ३२ मिलिमीटरचा क्रोम पाइपही उत्तम चालतो. नळदुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात तो सहज मिळतो.

नवखा फसतो तो मापांत. पात्याची नळी बहुधा एक इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाची असते. पण प्लंबिंगच्या दुकानात ‘एक इंची’ म्हणून मिळणाऱ्या पीव्हीसी पाइपचा बाहेरचा व्यास एक इंच नसतो. तो ३३ मिलिमीटरच्या घरात जातो. दुकानात व्हर्नियर कॅलिपर घेऊन जा, आतले आणि बाहेरचे माप स्वतः घ्या आणि मगच पैसे द्या. ॲल्युमिनियमची मूठ लेथवर कातून घ्यायची असेल तर कागदावर आकृती काढून प्रत्येक माप मिलिमीटरमध्ये लिहून न्या. पाते मुठीत सरकेल पण डुगडुगणार नाही एवढीच मोकळीक ठेवायला सांगा आणि ते पक्के करायला बाजूने ग्रब स्क्रूचे आटे पाडून घ्या.

गैरसमज: नळी कोणतीही चालते, पारदर्शक असली म्हणजे झाले.

वस्तुस्थिती: बाजारात पारदर्शक नळी मागितली की बहुतेक वेळा ॲक्रिलिक हाती येते. ते दिसायला सुरेख असते, पण जोराचा आघात झाला की तडकते आणि तुकड्यांना धार असते. मुले दोन तलवारी एकमेकींवर आपटणार हे गृहीतच धरायला हवे. म्हणून पॉलिकार्बोनेट घ्या. दंगलीच्या वेळी पोलिसांच्या हातात दिसणाऱ्या पारदर्शक ढाली याच प्लास्टिकच्या असतात. मात्र ते ॲसिटोनने पुसू नका, त्यावर बारीक चिरा उमटतात.

नळी अगदी पारदर्शक असेल तर प्रकाश आत न पसरता थेट टोकाकडे निघून जातो आणि पाते फिके दिसते. आत प्रकाश पसरवणारी पातळ फिल्म गुंडाळून घातली आणि टोकाच्या बुचाला आतून आरशासारखी चकती लावली, की उजेड मुठीपासून टोकापर्यंत एकसारखा होतो.

गैरसमज: जास्त व्होल्ट, जास्त दिवे म्हणजे जास्त झगमगाट.

वस्तुस्थिती: पात्यातच एलईडीच्या पट्ट्या घातल्या की तलवार टोकापर्यंत सळसळत उजळते, रंग बदलते. हा प्रकार लोकप्रिय आहे, पण त्याचा हिशेब कठोर आहे. मीटरला १४४ दिवे असलेल्या दोन पट्ट्या पाठीला पाठ लावल्या तर तीन फुटी पात्यात साधारण २६० दिवे बसतात. पांढऱ्या रंगात पूर्ण तेजाने प्रत्येक दिवा ६० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह घेऊ शकतो. म्हणजे एकूण पंधरा अँपिअरच्या वर. नुसता निळा रंग ठेवला तर हाच आकडा पाच अँपिअरच्या आसपास येतो. केसासारख्या बारीक वायरीतून एवढा प्रवाह नेला तर वायर तापते आणि टोकाकडचे दिवे मंद व लालसर पडतात.

दोन सेल एकापुढे एक जोडून पाते अधिक उजळेल, असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात ८.४ व्होल्ट मिळतात आणि ५ व्होल्टवर चालणारी पट्टी जळून जाते. मुठीतला एकच मोठा एलईडी वापरतानाही हेच भान हवे. त्याला मागे ॲल्युमिनियमचा आधार द्यावा, म्हणजे उष्णता मुठीत पसरते. पीव्हीसीच्या मुठीत ती कोंडते.

गैरसमज: सेल म्हणजे सेल, मोबाइलमध्येही तोच असतो, मग भीती कसली?

वस्तुस्थिती: मोबाइलमध्ये सेलवर लक्ष ठेवणारे सर्किट कंपनीने बसवलेले असते. तुमच्या तलवारीत ती जबाबदारी तुमची आहे. या छंदातली सगळी काळजी एकाच जागी खर्च करायची ठरवली, तर ती इथे करा.

प्रकाशतलवारीत बहुधा १८६५० हा सेल वापरतात. १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी यावरून त्याला हा आकडा मिळाला. चांगल्या कंपन्यांच्या अशा सेलची क्षमता ३५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास थांबते. त्यावर ९९०० छापलेले असेल तर तो सेल खोटा आहे, तो हातातही घेऊ नका.

या सेलचा सगळा धातूचा डबा ऋण टोक असतो. त्याला झाकते ते फक्त प्लास्टिकचे पातळ आवरण. धन टोकाच्या भोवतीची कडासुद्धा याच डब्याचा भाग असते. ते आवरण फाटले आणि धातूच्या मुठीशी दोन्ही टोकांचा संपर्क आला, की क्षणात शॉर्ट होतो आणि सेल पेट घेऊ शकतो. म्हणून फाटक्या आवरणाचा सेल वापरू नका, चांगला सेलही होल्डरमध्येच बसवा आणि मुठीच्या आत सगळीकडे विजेला अटकाव करणारा थर द्या. सेलवर थेट सोल्डरिंग कधीही करू नका, उष्णतेने तो आतून बिघडतो. पहिल्या तलवारीत चार्जिंगची सोय मुठीत करण्याऐवजी सेल बाहेर काढून चांगल्या चार्जरमध्ये लावा. चार्जिंग फरशीवर, डोळ्यांसमोर, घरचे जागे असताना करा. गादीवर किंवा पडद्याजवळ नको. फुगलेला किंवा चेपलेला सेल कचऱ्याच्या डब्यात न टाकता ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या.

गैरसमज: आवाज, हालचाल, रंग हे सगळे पहिल्याच तलवारीत हवे.

वस्तुस्थिती: चित्रपटातल्या तलवारीचा तो गुणगुणता आवाज ध्वनिरचनाकार बेन बर्ट यांनी फिल्म प्रोजेक्टरच्या मोटरची घरघर आणि टीव्हीच्या पिक्चर ट्यूबजवळ माइक नेल्यावर उमटणारी कुरकुर मिसळून तयार केला. आज तो आवाज बोटभर बोर्डातून निघतो. प्रॉफीबोर्डसारख्या बोर्डावर चालणारी आज्ञावली सगळ्यांसाठी खुली आहे, आणि तलवार फिरवली की त्यातला संवेदक हालचाल ओळखून आवाज बदलतो. पण बोर्ड महाग असतो आणि उलटी जोडलेली एक वायर तो कायमचा निकामी करू शकते. स्विच दाबल्यावर पाते दर वेळी बिनचूक उजळते, नीट न धरलेल्या सांध्यामुळे (ड्राय सोल्डर) लुकलुकत नाही आणि अर्ध्या तासानंतर मूठ तापत नाही, एवढे साधल्यावरच बोर्ड विकत घ्या.

गैरसमज: तलवार आहे म्हटल्यावर परवाना लागेल, पोलीस पकडतील.

वस्तुस्थिती: शस्त्र कायदा १९५९ धारदार, घातक हत्यारांबद्दल बोलतो. प्लास्टिकच्या नळीला धार नसते, त्यामुळे घरच्या प्रकाशतलवारीला परवाना लागत नाही. विमानप्रवासात मात्र शस्त्रासारखी दिसणारी वस्तू केबिनमध्ये नेताना अडवली जाऊ शकते. म्हणून मूठ आणि पाते चेक-इन सामानात द्या, आणि सेल काढून टोके झाकून हातातल्या बॅगेत ठेवा, कारण सुटे लिथियम सेल चेक-इन सामानात चालत नाहीत. आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. स्वतःसाठी एक तलवार बनवणे वेगळे आणि चित्रपटाचे नाव लावून ती विकणे वेगळे. ते नाव चित्रपट बनवणाऱ्या लुकासफिल्म कंपनीचे व्यापारचिन्ह आहे.

गैरसमज: हा पोरखेळ आहे, यातून हाती काही लागत नाही.

वस्तुस्थिती: फ्रान्सच्या तलवारबाजी महासंघाने २०१९ मध्ये प्रकाशतलवारीच्या द्वंद्वाला अधिकृत खेळ म्हणून मान्यता दिली. पण या छंदाची खरी कमाई त्याहून जवळची आहे. पुस्तकात निर्जीव वाटणारा ओहमचा नियम इथे चुकला तर रेझिस्टर हाताला चटका देतो आणि बरोबर आला तर पाते उजळते. मल्टिमीटर लावून दोष शोधणे, आकृतीवर मापे लिहिणे, आटे ओळखणे, सोल्डरिंगचा चकचकीत सांधा जमवणे ही कौशल्ये पुढे पंखा दुरुस्त करताना आणि कारखान्यात काम करतानाही उपयोगी पडतात.

म्हणून मुलाने तलवार बनवायची परवानगी मागितली तर पालकांनी नाही म्हणू नये. मल्टिमीटर आणून द्यावा, खात्रीच्या दुकानातून सेल घ्यावा आणि पहिल्या चार्जिंगच्या वेळी शेजारी बसावे. बाकीचे मुलाला स्वतःला करू द्यावे, चुकू द्यावे आणि पुन्हा जोडू द्यावे.