कुंडीतला भगवा आणि गणेशखिंडीतले चीमा

एका वाचकाचा प्रश्न आहे: 'बाजारातल्या भगवा डाळिंबाचे दाणे कुंडीत पेरले, रोपंही तरारली. फळ भगव्यासारखंच येईल ना?'

बहुधा नाही. बी म्हणजे पुन्हा पिसलेले पत्ते. पत्ते तेच, पण डाव नवा. म्हणून बागायतदार बी लावतच नाहीत, गुटी बांधतात. फांदीची बोटभर साल गोल काढायची, तिथे ओलं शेवाळ गुंडाळून प्लॅस्टिकने आवळायचं आणि मुळं फुटली की फांदी कापून लावायची. नवं झाड जुन्याची हुबेहूब प्रत.

नवी जात हवी असेल तर मात्र पत्ते पिसावेच लागतात. हा डाव पुण्यात फार चिकाटीने खेळला गेला. गणेशखिंडीच्या बागेत (ही १८७३ची!) डॉ. जी. एस. चीमा यांनी आळंदीच्या डाळिंबांतून १९३६ साली एक झाड निवडलं: बी मऊ, दाणा गोड, माल भरघोस. नाव मात्र फायलीत शोभेल असं, जीबीजी-१. त्याचं 'गणेश' झालं थेट १९७०मध्ये. लखनौच्या बियांतून निघालेला 'सरदार' पेरूही याच बागेतला.

गणेशची खोट एकच, दाणा फिकट. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने त्याचा 'गुल-ए-शाह रेड' या रशियन जातीशी संकर केला. तिचा दाणा गर्द लाल, पण बी टणक. दुसऱ्या पिढीत दडलेले गुण सुटे होऊन नव्याने जुळतात (मेंडेलचे वाटाणे आठवा), आणि त्यातच लाल दाणा नि मऊ बी एकत्र आलेलं झाड सापडलं. २००३-०४च्या सुमारास तेच 'भगवा' म्हणून बागायतदारांच्या हाती आलं. आज निर्यातीचं कौतुक भगव्याचं होतं. चीमांचं नाव उरलंय ते 'चीमा साहेबी' या द्राक्षापुरतं.

म्हणूनच 'क्रांतिकारी नवी जात'च्या जाहिराती वाचताना मी विचारतो, किती झाडं नापास केलीत? या कामात निवडण्यापेक्षा नाकारणंच जास्त. शिवाय मैलोन्‌मैल एकाच जातीच्या प्रती लावल्या की दुबळेपणाही सगळ्यांचा एकच. तेल्या रोगाने हे डाळिंबवाल्यांना पुरतं शिकवलंय. त्याला तोंड देणारे गुण शोधायचे तर पुन्हा बियांकडेच जावं लागतं.

तेव्हा रोपं उपटू नका. दोन-तीन वर्षांनी फळ धरेल. आंबट निघालं, तर दाणे वाळवून अनारदाणा करा.