फाइल येते, प्रोग्रॅम येत नाही

जुन्या संगणकातले फोटो पेनड्राइव्हवर घेतले की नव्यात बिनबोभाट उघडतात. प्रोग्रॅमचं फोल्डर मात्र नुसतं उचलून आणलं, तर बहुधा चालत नाही. इन्स्टॉल होताना त्याने विंडोजच्या ‘रजिस्ट्री’त केलेल्या नोंदी जुन्या यंत्रातच राहतात. तो नव्याने इन्स्टॉलच करावा.

खरी पंचाईत होते जुन्या मराठी मजकुराची. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइलीत बहुधा इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक साठलेले असतात. त्यांना देवनागरी रूप देतो तो फॉन्ट. तो नसला, की लग्नपत्रिकेतल्या ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी रोमन अक्षरांची खिचडी! युनिकोडमध्ये ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, २३२५, देवनागरीचा कुठलाही युनिकोड फॉन्ट तो ओळखतो. तेव्हा जुना संगणक भंगारात देण्याआधी त्यातले फॉन्टही कॉपी करून घ्या.